प्रेमिलाची पाणीपातळी

१२ एप्रिल

ही डायरी अबोलीने मला जानेवारीत दिली, सेवानिवृत्तीच्या दिवशी. "बाबा, रोज दोन ओळी लिहा, नाहीतर आईचं डोकं खाल." अडीच महिने कोरीच राहिली. लिहिणार काय? सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी तोच पेपर. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाणीपातळीची रजिस्टरं सांभाळली. सकाळी आठचं रीडिंग, संध्याकाळी सहाचं रीडिंग, एक दिवस खाडा नाही. आणि आता घरात मोजायला उरलं काय, तर कूलरची टाकी.

आज लिहायला कारण मिळालं, पण नको तसलं. प्रेमिलाचं डोकं तीन दिवसांपासून जड होतं. बळंच दवाखान्यात नेलं. प्रेशर वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे चार. डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी दिली. म्हणाले, यात लघवी जास्त करवणारं औषधही आहे. मीठ कमी करा, पाणी व्यवस्थित प्या, पंधरा दिवसांनी रक्त तपासायला या.

बाहेर येऊन प्रेमिला म्हणते, "काही नाही झालं जी मले. उन्हाचं डोकं आहे."  ऑटोत तिचा हात धरून बसलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ऑटोत हात धरल्याचं मला तरी आठवत नाही. शेवटी तिनंच सोडवून घेतला, "लोकं पाहून राहिले."

मला भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. खूप वाटली.

१३ एप्रिल

सकाळीच सीताबर्डीला जाऊन प्रेशरचं मशीन आणलं, आणि दोनशे पानी रजिस्टर. रेघा मारल्या, लाल शाईने मथळे घातले. तारीख. सकाळचं प्रेशर. संध्याकाळचं प्रेशर. पाण्याचे ग्लास. मीठ. शेरा.

माझं म्हणणं सरळ आहे. माणसाचं शरीर म्हणजे जलाशयच. आवक किती, जावक किती, एवढं नजरेखाली ठेवलं की पातळी जागेवर राहते.

मिठाचा मात्र पेच पडला. डॉक्टर म्हणाले, "कमी करा." कमी म्हणजे किती? 'कमी' हा काही आकडा नाही. रजिस्टरात 'कमी' लिहून चालत नाही, वरून लगेच शेरा येतो. शून्य हा आकडा आहे. तेव्हा शून्य ठरवलं. मिठाची बरणी मीच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, तिचा हात पोहोचत नाही तिथे.

तिच्या ताटात अळणी आणि माझ्या ताटात चवदार, हे मला बघवणार नाही. मीही अळणीच खाणार.

संध्याकाळी अबोलीचा पुण्याहून फोन. मी तिला सगळी योजना समजावली. ती म्हणाली, "बाबा, तुमचा असा आवाज किती दिवसांनी ऐकला!" प्रेमिला बाजूलाच भाजी निवडत होती. ऐकून नुसती हसली.

१६ एप्रिल

अळणी वरण म्हणजे काय असतं ते शत्रूलाही कळू नये.

प्रेमिलाने दुसऱ्या घासाला ताट सरकवलं. "मी मानूस आहो का कोन? आमच्या वावरात बैलाले बी मिठाचा खडा चाटवत." तिचं माहेर काटोलचं, संत्र्याच्या बागा आणि बैलजोड्यांत वाढलेली. मी म्हटलं, बैलाला प्रेशर नसतं. तर म्हणते, "तुमी मोजलं का त्याचं?"

तिचं दुःख मला कळतं. आमच्या गल्लीत कोणाकडे पापड असोत, लोणचं असो, कुरडया असोत, मीठ बघायला प्रेमिलालाच बोलावतात. बोटावर पीठ घेते, जिभेला लावते, डोळे मिटते, आणि सांगते, "अजून दोन चिमट्या." तिने सांगितल्याशिवाय शेजारच्या मिनलच्या घरी पापडाचं पीठ कुटत नाहीत. अशा बाईला अळणी वाढायचं म्हणजे पेटीवाल्याच्या कानात बोळे घालायचे. पण जीव महत्त्वाचा.

१९ एप्रिल

एक कबुली. सकाळी फिरायला जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले. वरून लाल रस्सा, शेव, कांदा, मिठाची हिरवी मिरची. डोळ्यांत पाणी आलं. दुसरी प्लेटही खाल्ली.

घरी आलो तर प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं आणि ओला रुमाल दिला. "मिशी पुसा जी, घाम आला आहे." किती बारीक लक्ष असतं हिचं माझ्यावर! मला फार अपराधी वाटलं.

२४ एप्रिल

सकाळ १२८/८२. संध्याकाळ १२६/८०. पाणी चौदा ग्लास. मीठ शून्य. शेरा: समाधानकारक.

नवव्या ग्लासाला तिने कुरकुर केली. "तहान नाही जी, पोटात जागा नाही." मी रजिस्टर उघडून तिला आलेख दाखवला. प्रेशरची रेघ कशी खाली उतरत आली, हिरव्या पेनाने काढली आहे. मी बराच वेळ बोलत होतो. ती आलेखाकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहत होती. मग म्हणाली, "आना तो ग्लास." गटागटा प्यायली.

त्यानंतरच्या पाच ग्लासांना तक्रार नाही. मी ग्लास आणतो, ती पिते. पटवून सांगितलं की पटतं माणसाला.

२७ एप्रिल

आज रक्त तपासायला जायचं होतं. ११८/७६ आलं. रीडिंग लाल रेषेच्या आत असताना दवाखान्यात जाऊन उन्हात तिला कशाला दमवायचं? पुढे ढकललं.

तर्री पोहे: एक प्लेट.

४ मे

रुपराव, प्रेमिलाचा धाकटा भाऊ, काटोलहून सकाळच्या बसने आला. थैलीभर कैऱ्या, गावरान. प्रेमिलाचा चेहरा उजळला. पण जेवताना फार बोलली नाही. रुपरावने जाताना मला दारात गाठलं. "भाऊजी, बाई अशी मंद काहून दिसून राहिली?"

मी त्याला रजिस्टर दाखवलं. ११४/७२. तो शेतकरी माणूस, त्याने पानं उलटली, बोट फिरवलं, म्हणाला, "आकडे तं चांगलेच आहेत," आणि तरी बहिणीकडे बघत उभा राहिला. भावाचं मन.

७ मे

चोरी सापडली! शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली, कागदाची पुडी. आत खडे मीठ. कुठून आणलं विचारलं तर मिनलकडून. कैरीच्या फोडीला लावून चाटत होती, लहान मुलीसारखी.

मी चिडलो. खरं सांगायचं तर ओरडलोच. म्हटलं, मी इथे दिवसाचे चोवीस तास तुझ्यासाठी राबतो आणि तू अशी फसवतेस? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही मांगत जी. आंगच मांगते. जिभेले सारखं मीठच आठवते."

पुडी बेसिनमध्ये रिकामी केली. मिनललाही ताकीद दिली. शेरा: उल्लंघन, एक वेळ.

संध्याकाळी मात्र वाईट वाटलं. तिचे पाय चेपून दिले. झोप लागली तिला लगेच, सात वाजताच.

१२ मे

आज मिनलच्या गच्चीवर कुरडया होत्या. मी प्रेमिलाला जाऊ दिलं, पण अट घातली, चाखायचं नाही. "मंग मले पाठवता कशाले?" म्हणाली, तरी गेली. सवयीच्या हाताने मीठ टाकीन म्हणे, चाखायची गरज नाही.

दहा वाजता मिनल खाली आली. चेहरा पडलेला. "काका, काकूंनी चिकात मीठ टाकलं, मग विसरल्या, परत टाकलं. मग तिसऱ्यांदा. आम्ही थांबवलं तर म्हणाल्या, मी टाकलंच नाही." पाच किलो गव्हाचा चीक वाया.

प्रेमिला गच्चीच्या कोपऱ्यात बसली होती, हात चिकाने माखलेले.  घरी आणलं तर एकच वाक्य, "माहा हात गेला जी." मी समजावलं की इतके दिवस अळणी खाल्लं, अंदाज सुटला, परत येईल. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, घेतलं. हातांचा चीक माझ्या बनियनला लागला.

१५ मे

पेपरात पंचेचाळीस अंश. पाणी वीस ग्लास केलं. तिला मळमळतं, डोकं दुखतं. उन्हाचा त्रास, दुसरं काय. पदराला कांदा बांधून दिला, कूलरला नवी खस लावली.

अबोलीचा फोन. "बाबा, आईने मला आज तीनदा विचारलं की मी जेवले का." मी म्हटलं, आई आहे, विचारणारच.  अबोली म्हणाली, ते रक्त तपासलं का? म्हटलं, या आठवड्यात.

प्रेशर १०८/७०. इतकं सुंदर रीडिंग आजवर नव्हतं.

१७ मे

आज प्रेमिलाने गंमत केली. सकाळी नऊला माझ्यापुढे डबा ठेवला. "लवकर करा जी, हापिसले उशीर होते." मी हसलो. तीही हसली. मग मीही चपला घातल्या, डबा उचलला, जिन्यापर्यंत गेलो. ती दारात उभी, पूर्वी राहायची तशी, पदर खोचून. किती वर्षं ती अशी उभी राहिली आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

परत आलो तर म्हणाली, "काहून, सुटी आहे का?" छान जमवते ही. डब्यात नुसती कोरडी पोळी होती.

१९ मे

दवाखाना. प्रेमिला बोलत नाही.

२० मे

बाकावर बसून लिहितो आहे. रजिस्टर आणायला घरी गेलो तेव्हा ही डायरीही आणली. नाहीतर हातांचं काय करू कळत नाही.

काल दुपारी बाराला ती स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होती. मी ग्लास घेऊन गेलो. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, मले घरी ने ना." मला. दादा. वडिलांना ती दादा म्हणायची. मग तिचे हातपाय आखडले, डोळे फिरले, आणि ती पडली. ग्लास माझ्या हातातून सुटला. माझ्या ओरडण्याने मिनल धावत आली, तिनेच ऑटो आणला. वाटेत मी हात धरून बसलो होतो. या वेळी तिने सोडवला नाही.

अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर अदिती, अबोलीच्याच वयाच्या. मी रजिस्टर पुढे केलं. मला वाटत होतं, त्या म्हणतील, वा, किती व्यवस्थित. त्या पानं उलटत गेल्या. मग बोट एका रकान्यावर थांबलं.

"काका, हे मीठ शून्य म्हणजे?"

"शून्य. सव्वा महिना. एकदाच उल्लंघन झालं."

"आणि पाणी वीस ग्लास? ही गोळी चालू असताना?"

"हो."

 त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "रक्तातलं सोडियम एकशे तेरा आलं आहे. एकशे पस्तीसच्या वर हवं. सोडियम म्हणजे मीठच समजा. काका, बाहेर नागपूरचा मे असो की डिसेंबर, शरीर आत आपलं सगळं ठरलेलं ठेवतं. उष्णता ठरलेली, साखर ठरलेली, पाण्यातलं मीठ ठरलेलं. मीठ कमी पडलं तर मूत्रपिंड ते धरून ठेवतं, मीठ खावंसं वाटायला लागतं. मीठ जास्त झालं तर तहान लागते. काकूंना तहान होती?"

"नव्हती. म्हणायची, जागा नाही."

"मीठ खावंसं वाटत होतं?"

मी मान हलवली. 

"गोळीने मीठ बाहेर जात होतं, जेवणातून आत येत नव्हतं, आणि वरून पाणी. मग ते पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदूला सूज येते. विसरणं, मळमळ, शेवटी झटका."

मी विचारलं, सलाईनमधून लगेच भरून काढा ना मग. त्या म्हणाल्या, घाई केली तर मेंदूला इजा होते. थेंबाथेंबाने, दर काही तासांनी तपासत. हे मला कळलं. धरणाचे दरवाजेही एकदम उघडत नाहीत.

छत्तीस वर्षं मी पातळी मोजली. पाण्यात काय आहे ते तपासणारा विभाग वेगळा होता, दुसऱ्या मजल्यावर. मी तिकडे कधी गेलोच नाही.

बैलालाही मीठ चाटवतात, म्हणाली होती. अंग मागतंय, म्हणाली होती. डबा दिला त्या दिवशी ती गंमत करत नव्हती. आणि मी डबा घेऊन हसत जिन्यापर्यंत गेलो.

२१ मे

अबोली आली. मी म्हटलं, मीच केलं हे. ती रागावेल असं वाटलं होतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. रुपरावही आला, काही विचारलं नाही, माझ्यासाठी भाकरी घेऊन आला. मला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

सोडियम ११९. प्रेमिला डोळे उघडते, मिटते.

२३ मे

१२७.

सकाळी मला आत सोडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मी कोण?" नर्सनेच तसं विचारायला सांगितलं होतं. प्रेमिला क्षणभर थांबली.  मग कोरड्या ओठांनी म्हणाली, "रजिस्टरवाला."

मी तिथेच, नर्ससमोर, ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही.

२६ मे

साधारण वॉर्डात हलवलं. १३४. ती गोळी बंद, दुसरी दिली. पाणी आता उलट मोजूनच द्यायचं, दिवसाला चार ग्लास, काही दिवस. मी नर्सला म्हटलं, मोजायचं काम दुसऱ्या कोणाला द्या.

दुपारी अबोली खाली चहाला गेली होती. मी प्रेमिलाला विचारलं, तुला तहान नव्हती, पोट भरलं होतं, तर नाही का म्हणाली नाहीस? मी काय बंदूक घेऊन उभा होतो?

ती पंख्याकडे पाहत बोलली. "तुमी जानेवारीपासून कसे झाले होते, तुमाले नाही दिसलं. मले दिसत होतं. एकच पेपर तीनदा वाचून राहिले होते. एकदा तं सकाळी आठ वाजता बाथरूमच्या बादलीत पट्टी बुडवून पाहत होते."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. या डायरीलाही नाही.

"मंग ते रजिस्टर आलं. तुमी सकाळी शीळ घालत उठाले लागले. हिरवा पेन आनला. त्या दिवशी आलेख दाखवत होते तं तोंडावर असं तेज, लग्नात होतं तसं. मी म्हटलं, पानीच तं आहे. पिऊ."

 तिने माझा हात धरला, आजूबाजूला लोक असून. म्हणाली, "आनि त्या तर्री पोह्यांचं मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. मिशीले काय घाम लाल येते जी?"

३० मे

घरी. मिठाची बरणी मी खालच्या फळीवर ठेवली. रजिस्टर रद्दीत टाकणार होतो, प्रेमिलाने टाकू दिलं नाही. "लय कोरी पानं आहेत त्यात."

५ जून

सकाळी मिनल आली. दारातच घुटमळली. लोणच्याच्या कैऱ्या चिरून तयार, पण मीठ बघायला कोणी नाही. प्रेमिला माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, मला नको विचारू, तुला विचार. डॉक्टर अदितींनी जिभेवर ठेवून थुंकायची परवानगी दिली आहे.

मी गच्चीच्या पायऱ्यांवर बसलो. वर सगळ्या बाया गप्प. कुरडयांच्या दिवसाचं सगळ्यांनाच आठवत होतं.  बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "अजून दोन चिमट्या." मग लगेच, "नाही, थांब वं. एकच." आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

खाली आल्यावर तिने ते रजिस्टर काढलं, नवीन पान उघडलं, आणि प्रेशरचं मशीन माझ्यापुढे ठेवलं. "हात द्या."

मी म्हटलं, माझं काय बघायचं?

"एवढे दिवस त्या मशीनवर बसून होते, एकदा तरी सोताच्या हाताले लावलं का?"

नव्हतं लावलं. खरंच नव्हतं. १६४/९८ आलं. परत लावलं, १६२. महिनाभर रोज सकाळी मिठाच्या मिरचीसकट पोहे. तिने हिरव्या पेनाने, मोठ्या वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं, शरच्चंद्र, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच घेतलं असेल. मग आकडे. उद्या दोघांनी दवाखान्यात जायचं ठरवलं, माझ्या प्रेशरला आणि तिच्या पुढच्या रक्ततपासणीला.

रात्रीचं वरण तिने केलं. मी ताटावर बसून वाट पाहत होतो की आता मलाही अळणी. घास घेतला. मीठ होतं. पूर्वीपेक्षा थोडं हलकं, पण होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर कमी म्हनतात," ती म्हणाली, आणि अंगठा न् बोट जुळवून मला दाखवलं. "कमी म्हनजे हे एवढं. शून्य नाही."

मी म्हटलं, रजिस्टरात काय लिहू? ती म्हणाली, "एवढं लिहा." मी 'एवढं' लिहिलं आणि जेवलो.